रस्त्याकडेचं झाड नेमकं कुणाचं?

बेळगावात टिळकवाडीतून कँपात शिरताना डोक्यावरची सावली तुटत नाही, पण तिचा मालक बदलतो. अलीकडची झाडं महापालिकेच्या हद्दीतली, पलीकडची कँटोन्मेंट बोर्डाच्या किंवा संरक्षण खात्याच्या जागेतली. रस्ता मोठा असेल तर त्याच्या कडेची जमीन सार्वजनिक बांधकाम खात्याची किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची असते. झाडावरून गेलेली तार हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, बुंध्याजवळून गेलेली पाईप पाणीपुरवठ्याची. आणि यातल्या कुणालाही ते झाड तोडायचं झालं, तर परवानगी देणारा अधिकारी वनखात्याचा.

त्यामुळे मे महिन्यात वळवाचा पहिला तडाखा बसला आणि गल्लीत फांदी लोंबकळायला लागली, की माणसं एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फोन फिरवत बसतात. दर वेळी 'ते आमच्याकडे येत नाही' असं उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. निपाणी, संकेश्वर, खानापूर, चिकोडी, कुठेही जा, कार्यालयांची नावं थोडी बदलतात, गोंधळ तोच.

तो गोंधळ जरा सोडवून सांगावा म्हणून हे लिहितो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडची रस्त्याकडेची झाडं तोडीने जातात त्याहून जास्त चुकीच्या छाटणीने आणि बुंध्यापर्यंत आलेल्या काँक्रीटने जातात. ती सावकाश मरतात, दोन-चार वर्षं घेतात, म्हणून त्यांच्यासाठी कुणी रस्त्यावर उतरत नाही.

आधी कायदा पाहू. आपल्याला लागू होतो तो कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा, 1976. या कायद्याने दोन गोष्टी उभ्या केल्या. एक वृक्ष अधिकारी, म्हणजे त्या कामासाठी नेमलेला वनखात्याचा अधिकारी. दुसरं वृक्ष प्राधिकरण, ज्याच्याकडे हद्दीतली झाडं जपणं, त्यांची गणना करणं, रोपवाटिका चालवणं अशी कामं सोपवली आहेत. झाड सरकारी जागेतलं असो की तुमच्या परसातलं, तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. नारळ, निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा मोजक्या जातींना यातून सूट आहे. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, वड, पिंपळ, गुलमोहर, रेन ट्री यांना नाही. आपल्या अंगणातला आंबा आपण वाटेल तेव्हा पाडू शकतो हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, आणि तो चुकीचा आहे.

दुसरा एक घोटाळा आपल्या सीमाभागातला. आपण कोल्हापूरचे पेपर वाचतो, पाहुणे चंदगड-गडहिंग्लजचे, त्यामुळे झाडांच्या बाबतीत तिकडचे नियम कानावर पडतात आणि ते इथेही चालतात असं वाटतं. महाराष्ट्राच्या शहरांसाठीचा कायदा वेगळा आहे, 1975 चा. त्यात 2021 साली दुरुस्ती होऊन 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'वारसा वृक्ष' म्हणून वेगळं संरक्षण मिळालं. बेळगावातल्या शंभर वर्षांच्या वडासाठी तुम्ही ती दुरुस्ती दाखवलीत तर समोरचा अधिकारी ती बाजूला ठेवणार, आणि त्याचं बरोबरच असेल. इथे बोलायचं ते 1976 च्या कायद्यावर.

या कायद्यातली एक तरतूद प्रत्येकाने नीट समजून घ्यायला हवी. काही कारणं अशी आहेत की त्यांपैकी एखादं खरं ठरलं तर परवानगी नाकारता येत नाही. झाड वाळलं, रोगट झालं किंवा वाऱ्याने पडलं आहे, त्याच्यामुळे जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे, वीज-आग-पावसाने त्याची मोठी हानी झाली आहे, ही कारणं समजण्यासारखी आहेत. पण त्याच यादीत 'वाहतुकीला अडथळा' हेही आहे. रस्ता रुंद करायचा ठरला की रस्त्यात आलेलं प्रत्येक झाड वाहतुकीला अडथळाच ठरतं. म्हणजे झाडाचं भवितव्य वनखात्याच्या टेबलावर ठरण्याच्या खूप आधी, रस्त्याचा नकाशा काढणाऱ्याच्या टेबलावर ठरून गेलेलं असतं. झाड वाचवायचं असेल तर परवानगीची वाट न बघता नकाशाच्या वेळीच बोलावं लागतं. गटार दोन फूट अलीकडे घेतलं किंवा दुभाजकात झाड सामावून घेतलं, असे बदल कागदावर फुकट होतात. ठेकेदाराने काम सुरू केल्यावर त्यांनाच लाखो रुपये लागतात.

एका कामासाठी 50 हून जास्त झाडं जाणार असतील तर वृक्ष अधिकाऱ्याने जाहीर नोटीस देऊन लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हरकत लेखीच द्यावी लागते. काम टप्प्याटप्प्याने होणार असेल तर सगळ्या टप्प्यांत मिळून किती झाडं जातात हे पहिल्याच अर्जात विचारावं, कारण 30 आणि 40 असे दोन वेगळे अर्ज आले तर नोटिशीची गरजच उरत नाही.

आता छाटणी. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण लोक छाटणीला किरकोळ समजतात आणि नुकसान तिथेच जास्त होतं.

कापलेली फांदी म्हणजे झाडाला झालेली जखम. झाड ती जखम दुरुस्त करत नाही. कुजायला लागलेला भाग ते आतून भिंती घालून कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड, नवी साल वाढवत जखम हळूहळू झाकत आणतं. अमेरिकेतले वनसंशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवून दिलं, आणि तेव्हापासून छाटणीचं शास्त्रच बदललं. पूर्वी जखमेवर डांबर किंवा रंग फासत. त्याने कुजणं थांबत नाही, हे आता सिद्ध झालं आहे. कुजणं थांबतं ते काप योग्य जागी पडला तर.

ती जागा डोळ्यांनी दिसते. पुढच्या वेळी एखाद्या आंब्याखाली किंवा रेन ट्रीखाली उभे राहिलात तर फांदी खोडाला मिळते तिथे बघा. मनगटाशी दुमडलेल्या बाहीसारखा सालीचा एक सुरकुतलेला फुगवटा असतो. जखम झाकणारं लाकूड तिथूनच वाढतं. काप त्या फुगवट्याच्या अगदी बाहेर पडला पाहिजे. खोडाला घासून कापलं तर फुगवटाच जातो आणि खोडात मोठी जखम होते. लांब ठुणका ठेवून कापलं तर ठुणका वाळतो, कुजतो आणि ती कुज आत उतरते.

जाड फांदी एका दमात कापू नये, तिला तीन काप द्यावेत. पहिला खोडापासून साधारण फूटभर अंतरावर, खालच्या बाजूने, फांदीच्या जाडीच्या पाव ते एक तृतीयांश. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. आता फांदीचं वजन खाली येतं, पण पहिल्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलवटत नाही. उरलेला ठुणका मग तिसऱ्या कापाने फुगवट्याच्या बाहेरून काढायचा. याला दहा मिनिटं जास्त लागतात. आपल्याकडे मात्र बहुतेक वेळा वरून एकच घाव बसतो, फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून नेते. ती सोललेली पट्टी पुढची दहा-पंधरा वर्षं झाडाला छळते.

याहून वाईट म्हणजे शेंडा मारून झाड बोडकं करणं. लोकांना ते नीटनेटकं वाटतं, पावसाळ्यात धोका कमी झाला असंही वाटतं. होतं उलट. बोडक्या खोडातून भराभर धुमारे फुटतात, पण ते सालीच्या खालच्या थरातून आलेले असतात, लाकडात खोल रुजलेले नसतात. तीन-चार वर्षांत ते जड होतात आणि तोवर खालचं लाकूड कुजलेलं असतं. मग तेच फुटवे रस्त्यावर कोसळतात. एका वेळी झाडाच्या पानांचा चौथा हिस्सा काढला तर पुष्कळ झालं. त्याहून जास्त काढलं की झाडाचं अन्न तयार करणंच मोडतं.

विजेच्या तारांखालच्या झाडांची अडचण वेगळी आहे. एप्रिल-मेमध्ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी, लाईनमन तारा मोकळ्या करत फिरतात. त्यांचं काम तार सुरक्षित ठेवणं, आणि ते काम जोखमीचं आहे. झाडाचा तोल सांभाळणं त्यांच्या कामाच्या कागदात कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून तारेकडची बाजू पूर्ण उतरते, दुसरी तशीच राहते, आणि पुढच्या जुलैत झाड जड बाजूला कलतं. त्याच दिवशी महापालिकेच्या उद्यान विभागाचा माणूस सोबत असला आणि दुसऱ्या बाजूचीही थोडी छाटणी झाली, तर हा प्रश्न तिथेच संपतो. दोन खात्यांनी एक तारीख ठरवायची आहे, एवढंच. पुढच्या लागवडीत तारेखाली गुलमोहर किंवा रेन ट्री लावायचाच नाही. तिथे बहावा, ताम्हण, कांचन अशी बेताच्या उंचीची झाडं हवीत. उघड्या तारांऐवजी आवरण असलेली केबल टाकली तर छाटणी बरीच कमी होते.

मुळांबद्दल आपली कल्पना शाळेच्या पुस्तकातली असते, झाड जितकं वर तितकंच खाली. खरं तर पाणी आणि अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक करून मातीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. पदपथ करताना पेव्हर ब्लॉक बुंध्याला चिकटवून बसवले, खाली काँक्रीटचा थर दिला, की ती हवा बंद होते. गटारासाठी किंवा केबलसाठी झाडाच्या अगदी जवळून चर खणला तर त्या बाजूची मुळं तुटतात. झाड लगेच मरत नाही. एक-दोन वर्षं हिरवंच राहतं, आणि मग एखाद्या रात्री संततधारेत माती भिजून मऊ झाली की मुळासकट आडवं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, वारं फार होतं.

2013 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीसाठी आदेश दिला होता की झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवावी आणि खोडावरचे फलक, खिळे, तारा काढाव्यात. आदेश दिल्लीचा असला तरी माप म्हणून तो कुठेही वापरता येतो. आपल्या गल्लीतल्या पदपथाचं काम सुरू होईल तेव्हा मुकादमाला हे एक मीटर दाखवून द्या. ब्लॉक बसवायच्या आधी सांगितलं तर ऐकलं जाण्याची शक्यता बरीच असते.

खोडाचं तर बघवत नाही. रोपाभोवती लावलेला लोखंडी पिंजरा वेळेवर काढला नाही की त्याच्या सळ्या सालीत रुततात आणि झाड त्या गिळत वाढतं. क्लासेसच्या, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतात. थंडीत झाडलेला पाला बुंध्याशीच पेटवला जातो. झाडाचा जिवंत, वाढणारा थर सालीच्या लगेच आत असतो, कागदासारखा पातळ. एका बाजूने आच लागली तर त्या बाजूचा थर मरतो आणि तिथून पोकळी सुरू होते. पाला जाळू नका. तो तसाच मुळांवर पसरलात तर मातीतला ओलावा टिकतो.

लागवडीबद्दल बोलायचं तर आपला जिल्हा एका मापात बसत नाही. खानापूरकडे घाटमाथ्याचा पाऊस आणि जांभ्याची तांबडी माती, अथणी-रायबागकडे कमी पाऊस आणि काळी माती, बेळगाव शहर दोन्हींच्या मधे. एकच रोपवाटिका, एकच जात, एकच खड्डा सगळीकडे चालत नाही. खानापूर-बेळगावात जांभूळ, फणस, आंबा, बकुळ, सातवीण ही झाडं इथल्या पावसाला सरावलेली आहेत. अथणीकडे कडुलिंब, चिंच, करंज तग धरतात. जांभ्यात किंवा मुरमात खणलेला खड्डा जुलैत पाण्याने भरून राहतो, त्यात रोपाची मुळं कुजतात, म्हणून तळ फोडून घ्यावा लागतो आणि माती थोडी उंच ठेवावी लागते. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि त्यांतून ओल उडून जाते, तिथे पाचटाचं किंवा पाल्याचं आच्छादन लागतं.

दरवर्षी 5 जूनला आणि जुलैच्या वनमहोत्सवात रोपं लागतात. वेळ योग्यच आहे. पावसाळाभर कुठलंही रोप जगतं. खरी परीक्षा ऑक्टोबर ते मे. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाला आठवड्यातून एकदा-दोनदा पंधरा-वीस लिटर पाणी सावकाश मुरवावं लागतं. राकसकोप आणि हिडकल या जलाशयांचं पाणी घरात कधी येणार याची वाट बघणाऱ्या शहरात एप्रिल महिन्यात रोपाला पाणी कोण घालणार, हे लागवडीच्या दिवशीच ठरलेलं असायला हवं. टँकरची फेरी, किंवा समोरच्या दुकानदाराने घेतलेली जबाबदारी, काहीही चालेल, पण माणूस ठरलेला हवा. आपल्याच राज्यातल्या सालुमरद थिम्मक्का यांनी हुलिकल ते कुदूर रस्त्यावर सुमारे 385 वड वाढवले. त्यांना 2019 साली पद्मश्री मिळाली. त्या आणि त्यांचे पती घागरींनी पाणी वाहून त्या रोपांना घालायचे. ते वड आज उभे आहेत ते त्या पाण्यावर.

तोडलेल्या झाडाच्या बदल्यात नवी झाडं लावायची अट परवानगीत घालतात. अट चांगली आहे. पण शंभर वर्षांच्या वडाची सावली दहा रोपांनी पुढची तीस वर्षं तरी भरून निघत नाही, आणि रोपं गावाबाहेर लावली तर त्या गल्लीला कधीच मिळत नाही. झाड उचलून दुसरीकडे लावण्याचंही तसंच. वड-पिंपळ ते सोसतात, पुन्हा फुटतात. आंब्यासारख्या मोठ्या झाडाला ते जड जातं. मुळांचा गोळा पुरेसा मोठा घेतला, आधी काही आठवडे मुळं टप्प्याने कापली आणि नंतर वर्ष-दोन वर्षं पाणी दिलं तरच त्याला अर्थ.

पावसाळ्याआधी आपल्या दारासमोरचं झाड एकदा फिरून बघावं. बुंध्याशी माती उचलल्यासारखी किंवा ताजी भेगाळलेली दिसते का? खोडाच्या तळाशी फळीसारख्या कडक अळंब्या आल्या आहेत का? त्या असतील तर आत लाकूड कुजत असण्याची बरीच शक्यता असते. दोन सारख्या जाडीच्या फांद्या अरुंद बेचक्यात भेटून मधे साल दबली आहे का? तिथे झाड चिरतं. लाकडी दांड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? नुसतं कललेलं झाड धोक्याचं असतंच असं नाही, लहानपणापासून कललेली झाडं पन्नास-पन्नास वर्षं उभी असतात. हल्लीच कलायला लागलेलं मात्र धोक्याचं. फांदी तारेवर पडली असेल तर जवळ जाऊ नका, हेस्कॉमच्या 1912 वर कळवा. जिवाला धोका असेल तर 112.

बाकी सगळं लेखी करा. अर्जात झाडाची जात, जागा, जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर आणि दोन फोटो असले की काम पुढे सरकतं. प्रत महापालिकेच्या आयुक्तांना आणि वृक्ष अधिकाऱ्याला, दोघांनाही, आणि पोच घ्यायला विसरू नका. 'ते आमच्याकडे येत नाही' हे उत्तर मग त्यांना एकमेकांना द्यावं लागतं. अर्ज कन्नडमध्ये असला तर लवकर फिरतो. स्वतःला येत नसेल तर गल्लीतल्या कॉलेजच्या पोराकडून लिहून घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. माहिती अधिकारात पाहणीचा अहवाल, परवानगीचा आदेश आणि बदली झाडं कुठे लावली त्याची यादी मागता येते. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, आणि कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा व 150 शब्दांत बसवावा लागतो, म्हणून प्रश्न मोजकेच ठेवा.

आपल्या नगरसेवकाकडे मागायची एकच गोष्ट निवडायची झाली, तर मी लागवडीच्या निविदेतली एक अट मागेन. ठेकेदाराचे पैसे रोप लावल्यावर एकदम न देता, काही लावताना, काही पहिल्या उन्हाळ्यानंतर आणि शेवटचा हप्ता तिसऱ्या वर्षी जिवंत असलेली झाडं मोजून द्यावा. मोजणीच्या वेळी त्या गल्लीतली दोन माणसं हजर असावीत आणि यादीवर त्यांच्या सह्या असाव्यात.